अठरावी ढिगली

माझ्या स्मरणशक्तीबद्दल धुळ्यात देवपूरला कोणालाही विचारा! एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत हजेरी घेतली आहे मी. एकोणऐंशी सालच्या चौथीचा हजेरीपट आजही पहिल्या नंबरापासून म्हणून दाखवीन, गैरहजर पोरांसकट! बाजारात एखादा टकलू गृहस्थ वाकून नमस्कार करतो, तर मी त्याला नावाने हाक मारते आणि वर विचारते, "तुझी शुद्धलेखनाची वही राहिली आहे. कधी आणतोस?" बिचारा भाजी न घेताच पळतो.

तर मी कधी विसरत नाही, मोजण्यात चुकत नाही आणि पडद्यावरचं बघून रडत नाही. या तीन गोष्टींचा मला पंच्याहत्तर वर्षं गर्व होता. गेल्या श्रावणात एका दिवसात तिन्ही गेल्या! एकदमच गेल्या, एकीमागे एक उड्या मारणाऱ्या मेंढ्यांसारख्या.

आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. खानदेशातल्या वाचकांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. कानबाई म्हणजे आमची देवी. आदल्या दिवशी रोटांचे, म्हणजे तिच्या नैवेद्याचे, गहू मोजायचे. भाऊबंदकीत जेवढे पुरुष, तेवढ्यांच्या नावाने प्रत्येकी सव्वा मूठ. काठी टेकणारा असो की पाळण्यातला, मूठ सारखीच. आमच्या घरात धुतलेल्या धोतरावर एकेकाचं नाव घेऊन वेगळी ढिगली घालतात. मग सगळं एकत्र करून दळायचं, त्याचाच स्वयंपाक करायचा आणि तो फक्त भाऊबंदांनी खायचा. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे, नाव घेऊन घातलेली ढिगली परत उचलायची नाही. ज्याचं नाव, त्याच्यासाठी पान मांडायचं!

हे मोजायचं काम सासूबाईंनी एकेचाळीस वर्षांपूर्वी माझ्याकडे दिलं. "कोकिळा मास्तरीण आहे, तीच मोजेल," असं म्हणाल्या. तेव्हापासून एक चूक नाही. एका वर्षी मला ताप होता, म्हणून माझी धाकटी जाऊ सुगंधाबाई मोजायला बसली. तिने एकाच पुतण्याचं नाव दोनदा घेतलं आणि हळूच एक मूठ परत पोत्यात टाकली. मी तापातून उठून तिला तासभर झापलं! "देवीचं मोजमाप म्हणजे काय वाण्याचं दुकान आहे, जास्त झालं की टाकलं परत?" सगळ्या बायकांसमोर. सुगंधाबाईला माझ्यासारखी स्मरणशक्ती नाही, पण तेवढं एक तिच्या लक्षात आहे.

सुगंधाबाईचे यजमान म्हणजे माझे धाकटे दीर, झुलाल आबा. आमचे हे, म्हणजे कैलासवासी रुपचंद पाटील, गेले, आणि पुढच्याच वर्षी शेतातल्या दोन हात रुंदीच्या बांधावरून माझं आणि आबांचं वाजलं. तेव्हापासून अकरा वर्षं आबा माझ्याशी बोलत नाहीत. कानबाईला येतात, माझ्यासमोर बसतात आणि बायकोला सांगतात, "त्यास्ले सांग, चहामा साखर कमी शे." मी तीन फुटांवर असते! मीसुद्धा सुगंधाबाईलाच सांगते, "त्यांना म्हणावं, डॉक्टरांनी तेवढीच सांगितलीय." सुगंधाबाई मध्ये बसून दोन्हीकडे मान फिरवते, टेबलफॅनसारखी.

आता मुख्य भानगड. माझी नात मयुरी जळगावला कॉलेजात शिकते. सुटीत आली की दार लावून मोबाईल बघते आणि डोळे सुजवून बाहेर येते. मला वाटलं, कोण्या मुलाची भानगड असेल. जाब विचारायला गेले, तर म्हणते कशी, "आजी, अ‍ॅनिमे बघतेय. जपानी मालिका."

"ही तर कार्टून आहेत!"

"कार्टून नाही गं, अ‍ॅनिमे."

"चित्रं हलतात ना? मग कार्टूनच. आणि कार्टून बघून रडतेस? वीस वर्षांची घोडी!"

"तू एक भाग बघ. नाही रडलीस तर मी आठवडाभर भांडी घासेन."

घासच म्हटलं! हिंदीत बोलणारी मालिका लावून दिली तिने टीव्हीवर. समुद्राकाठचं एक चिमुकलं रेल्वे स्टेशन. तिथे नाओकी नावाचा सोळा वर्षांचा पोरगा आजीजवळ राहतो. आई लहानपणीच गेलेली, बाप बोटीवर गेला तो परतलाच नाही. रोज संध्याकाळी आजी तांदूळ मोजते, एक वाटी तुझी, एक वाटी माझी. बस, एवढंच! मारामारी नाही, गाणी नाहीत. मी म्हटलं, यात रडण्यासारखं काय आहे? आणि दुसरा भाग लावायला सांगितला. निव्वळ तपासणी म्हणून. मग तिसरा. चौथा बघताना भाजी करपली. गुरुवारपर्यंत दहा भाग झाले होते, मी एक थेंबही गाळला नव्हता, आणि मयुरी निमूट भांडी घासत होती.

शुक्रवारी दुपारी अकरावा भाग लागला. त्यात आजी गेली.

पोरगा रडला नाही हो! तोच तर घोळ झाला. तो संध्याकाळी घरी आला, डबा उघडला आणि सवयीने दोन वाट्या तांदूळ मोजले. मग दुसरी वाटी हातात धरून तसाच उभा राहिला. परत टाकवेना, शिजवताही येईना. भाग संपला.

मी पदर तोंडात कोंबून मोरीत गेले आणि नळ सोडला. मयुरी बाहेरून म्हणाली, "आजी, रडतेयस?"

"पाय धुतेय!"

"अर्धा तास?"

बारावा आणि शेवटचा भाग रविवारी बघायचा ठरला. रात्रभर नाओकीची ती वाटी डोळ्यांसमोर.

शनिवारी सकाळी अंघोळ करून मी गहू मोजायला बसले. समोर सुगंधाबाई, शेजारी माझी सून ज्योती. नेहमीसारखी खणखणीत हजेरी सुरू केली. झुलाल, पंडित, मगन... एकेक नाव, एकेक ढिगली. सतरा पुरुष, सतरा ढिगल्या. सतरावी घातली आणि मूठ पुन्हा पोत्यात गेली. का गेली, ते मला अजून नीट सांगता येत नाही. मनात एवढंच आलं की, इथे पाळण्यातल्या पोराच्या नावाने मोजणारी मी आहे. त्या पोराच्या नावाने आता कोण मोजणार? भाऊबंदांचीच नावं घ्यायची हे विसरले, ओठ हलले, सव्वा मूठ धोतरावर पडली, आणि डोळ्यांतून टपकन पाणी.

सुगंधाबाईने बोट फिरवत ढिगल्या मोजल्या. परत मोजल्या. मग तिच्या चेहऱ्यावर असं तेज आलं, जसं काही लॉटरीच लागली!

"अक्का, अठरा शेतस!"

मी हात पुढे केला, तर ती म्हणाली, "उचलू नका हां! तुम्हीच सांगेल व्हतं ना? वाण्याचं दुकान शे का हे?"

सोळा वर्षं जपून ठेवलं होतं तिने ते वाक्य. व्याजासकट परत केलं!

"कोणाची आहे ही अठरावी?" तिने विचारलं.

आता मोजलेल्या गव्हासमोर खोटं बोलायचं नाही, हाही आमच्याच घरचा नियम. आणि खरं सांगू तरी कसं? मास्तरीण बाई पंच्याहत्तराव्या वर्षी कार्टूनच्या पोराला भाऊबंदकीत घेते? देवपुरात तोंड दाखवायला जागा उरली नसती. मी म्हटलं, "आहे एक पोरगा." आणि पदराने डोळे पुसले. झालं! सुगंधाबाईने एकदम ज्योतीच्या पोटाकडे पाहिलं.

ज्योती पंचेचाळीस वर्षांची. दुपारपर्यंत तिला तीन घरांतून लोणचं आलं! एका चुलतसासूने येऊन तिच्या हातातली बादली काढून घेतली. "आता जड उचलायचं नाही. उशिरा का होईना, देवीने दिलं." ज्योती माझ्याकडे आली ती तव्यावरच्या भुईमुगासारखी तडतडत. "आई, माझ्याबद्दल काय सांगितलंत तुम्ही बायकांना?"

"मी काही नाही सांगितलं!"

"मग ती ढिगली कोणाची आहे ते सांगून टाका ना! मला लोक पेढे मागताहेत!"

मग मी सुगंधाबाईला बोलावून निक्षून सांगितलं, "ज्योतीचा काही संबंध नाही. पोरगा सोळा वर्षांचा आहे."

सुगंधाबाई खालीच बसली. "सोळा? मंग आतापर्यंत कोठे व्हता?"

"आजीजवळ. आता तीपण गेली बिचारी."

"मायबाप?"

"आई नाही. बाप बोटीवर गेला तो परतलाच नाही."

"राहतो कुठे?"

"समुद्राकाठी," मी म्हटलं. सगळं खरं बोलत होते हो! एक शब्द खोटा नाही. आणि त्याची आठवण निघाली, म्हणून पुन्हा रडूही आलं.

सुगंधाबाईने माझा हात हातात घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. म्हणाली, "अक्का, किती वर्षं एकटीनेच मनात ठेवलं हो हे!" आणि उठून गेली. मला वाटलं, बरी समजूतदार झाली आहे बाई.

संध्याकाळी मगन आला. मगन म्हणजे आमचा चुलतपुतण्या, तहसील कचेरीच्या बाहेर अर्ज लिहून देतो. जगातली प्रत्येक गोष्ट त्याला अर्जासारखी दिसते. खुर्ची ओढून, आवाज खाली करून म्हणाला, "काकू, घाबरू नका. रुपचंदकाका एस.टी.त असताना श्रीवर्धनला कोणत्या साली होते?"

"शहाऐंशी ते अठ्ठ्याऐंशी. वाहतूक नियंत्रक म्हणून बदली झाली होती. का?"

"म्हणजे बाप अठ्ठ्याऐंशीचा. पोरगा आज सोळाचा. बरोब्बर बसतंय." त्याने कागदावर टिपून घेतलं. "म्हणजे तो काकांचा नातू. वारस नोंदीला अडचण नाही. बोटीवरून हरवला म्हणताय, तर त्या बापाचा दाखला मात्र लागेल."

काही क्षण मला उमजेचना. उमजलं तेव्हा मी इतकी जोरात ओरडले की कानबाईसाठी आणलेला नारळ पाटावरून गडगडला! "अरे मेल्या, काय बोलतोस! देवमाणूस होता तो!"

"देवमाणसांचेच असतात काकू," मगन म्हणाला. "मी रोज अर्ज लिहितो."

आता वाचकहो, खरी गंमत पुढे आहे. अठरावी ढिगली मी घातली. पोरगा टीव्हीतला आहे, हे मला माहीत. सगळ्या धुळ्यात मला एकटीलाच माहीत! तरी मगन गेला आणि माझी ती सुप्रसिद्ध स्मरणशक्ती कामाला लागली. श्रीवर्धनला असताना हे वर्षातून दोनदाच यायचे, दिवाळीला आणि कानबाईला. पहिल्या दिवाळीला पिशवीभर कवड्या घेऊन आले. कशाला? विचारलं, तर हसले नुसते. आणि दुसरं म्हणजे भात! जन्मभर कळण्याची भाकरी खाणारा माणूस, ताटात भात आला की तोंड वाकडं करायचा, तो तिकडून आल्यावर म्हणतो, "आज भात नाही केला का?" भात कोणी शिकवला, म्हटलं. तर म्हणाले, "खाणावळीत." मी सत्त्याऐंशी साली त्यावर विश्वास ठेवला! कोकणातल्या खाणावळी चालवतं कोण? बाया!

यांच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिले. हार घातलेला तो चेहरा आज मला जरा जास्तच हसरा वाटला.

तेवढ्यात मुलगा पंडित आत आला. पन्नाशीचा आहे, शेतकी खात्यात आहे. एरवी माझ्याशी वीजबिलाखेरीज बोलत नाही. माझ्याशेजारी उभा राहून त्यानेही फोटोकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "आई, मी एकटाच वाढलो गं. राखी बांधायला बहीण नाही, भांडायला भाऊ नाही. तू सांगितलं असतंस तर... मी चिडलो नसतो." आणि पिशवीतून एक शर्ट काढला. निळ्या चौकड्यांचा. "सोळा वर्षांच्या पोराला छत्तीस नंबर होईल ना?"

मी म्हटलं, "बारीक आहे तो. चौतीस आण." तो बदलायला गेलासुद्धा!

माझं मलाच समजेना, मी हे का म्हटलं. डोक्याचा अगदी शेवभाजीचा रस्सा झाला होता, तर्री वर आणि शेव गायब.

रविवारी दुपारी रोटांचा स्वयंपाक तयार. पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची भाजी, आमटी. सतरा पुरुष ओळीने बसले. सुगंधाबाईने अठरावं पान मांडलं. रिकाम्या पाटासमोर! सगळे त्या पाटाकडे बघू लागले. कोणी हात लावेना.

झुलाल आबा खाकरले. बायकोकडे न बघता, थेट माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी."

अकरा वर्षांनी! मी तुपाची वाटी आधी खाली ठेवली.

"वहिनी, अकरा वरीस व्हयनात, मी तुमनासंगे बोलनू नही. त्या दोन हात बांधना पायी. आणि तुम्ही मन्हा भाऊना नातूनं नाव देवीपुढे घेतं. एवढं मोठं मन शे तुमनं!" म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "बठ्ठा ऐका! तो पोऱ्या आपलं रगत शे. तो बांध मी त्याले दिधा! आख्खा! बलावा त्याले. तो येस नही तोपर्यंत मी घास तोंडमा घालाव नही."

झालं की नाही! सतरा पुरुष उपाशी, पोळ्या गार होताहेत, पोरं रडताहेत, मगन खिशातून पेन काढतोय, पंडित चौतीस नंबरचा शर्ट मांडीवर घेऊन दाराकडे बघतोय. खरं बोलावं तर आबा पुन्हा अकरा वर्षं बोलणार नाहीत आणि मोजायचं काम सुगंधाबाईकडे जाणार. गप्प बसावं तर माझा नवरा, बारा वर्षांपूर्वी गेलेला, कोणाच्या अध्यात न मध्यात असलेला, जन्मभर तिकिटाच्या अर्ध्या रुपयालाही बेइमान न झालेला माणूस, आज माझ्यामुळे श्रीवर्धनला जाऊन बसला!

मी फोटोकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि हजेरीच्या आवाजात म्हणाले, "तो पोरगा टीव्हीत आहे!"

सतरा माना टीव्हीकडे वळल्या.

"टीव्हीमा?" आबा म्हणाले. "नट शे का?"

"नट नाही. चित्र आहे. जपानी कार्टून. नाओकी नाव त्याचं. यांचा श्रीवर्धनशी काही... म्हणजे या प्रकरणात काही संबंध नाही. त्याची आजी गेली म्हणून मला रडू आलं, आणि हात गेला माझा. चुकलं."

"आजी, अ‍ॅनिमे," मयुरी दारातून पुटपुटली.

आधी ज्योती हसली. मग बायका. सुगंधाबाई तर भिंत धरून हसली. पंडितने शर्टाची घडी घातली, उलगडली, परत घातली. मगनने पेनाचं टोपण लावलं. म्हणाला, "काकू, याला दाखला मिळणार नाही." 

आबा मात्र हसले नाहीत. टोपी डोक्यावर चढवली. मला वाटलं, आता उठणार आणि ताटाला लाथ मारून जाणार.

"दखाड," ते म्हणाले.

"काय?"

"पोऱ्या दखाड. देवीपुढे ज्यानं नाव घेतं, तो कोण शे ते मी देखसू. जेवण मंग."

सतरा माणसं भरल्या पानांवर बसलेली, अशी आम्ही मालिका लावली! मयुरीने अकरावा भाग सुरू केला. पहिली पाच मिनिटं खुसखुस चालली. कोणी म्हणे, याचे डोळे केवढे, कोणी म्हणे, केस कोण कापतं याचे? "बठ्ठा गप बसा!" आबा गरजले. "याना मायबाप कोठे शेतस?" मयुरीने सांगितलं. "आणि ही म्हातारी कोण?" तेही सांगितलं. मग म्हातारी गेली. पोराने डबा उघडला. दोन वाट्या मोजल्या. थांबला.

मी पडद्याकडे नाही, आबांकडे बघत होते. ज्या माणसाने सख्ख्या भावाच्या तेराव्याला डोळे ओले केले नव्हते, तो धोतराच्या सोग्याने नाक पुसत होता. "आते काय करी तो?" मला विचारलं. थेट मला!

"मलापण माहीत नाही आबा. बारावा भाग बघायचा राहिलाय."

"मंग लाव ना माय, वाट कोनी देखी ऱ्हायनी!"

बाराव्या भागात स्टेशनचा जुना मास्तर येतो. आजीशी त्याचं कित्येक वर्षांचं भांडण असतं, कशावरून ते सांगतच नाहीत. तो स्वतःची वाटी घेऊन येतो, दारात उभा राहतो आणि म्हणतो, "भात जास्त झाला असेल ना? वाढ मला." बस, एवढंच. मालिका संपली. जपानी अक्षरं खालून वर जाऊ लागली.

मगन चष्मा पुसत होता, तो अर्ज लिहितानासुद्धा पुसत नाही. पंडित उठला आणि तो निळा शर्ट त्याने टीव्हीच्या बाजूला ठेवून दिला. आबा पाटावरून उठले, गुडघे धरत अठराव्या पाटावर जाऊन बसले.

"नाव घेयेल शे, तर पान वाया जावाले नको. वाढा वहिनी. आणि बठ्ठास्नी एकेक घास लेवा यामाईन."

सतरा जणांनी त्या पानातला एकेक घास घेतला. पोळ्या गार झाल्या होत्या, खिरीवर साय धरली होती. जेवता जेवता मी धीर करून विचारलं, "आबा, हे श्रीवर्धनहून कवड्या आणायचे, त्या कोणासाठी हो?"

"मन्हासाठे! मीच मांगेल व्हत्यात. पोळाले बैलना गयामा बांधाले. काबरं?"

"काही नाही, सहज," मी म्हटलं आणि त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली, दोन चमचे तूप जास्त घालून. यांच्या फोटोकडे बघायची मात्र मला लाज वाटली.

निघताना आबा माझ्याशीच बोलले. चहात साखर कमी होती, हेसुद्धा मलाच सांगितलं. वातावरण एवढं गोड झालेलं बघून मी हळूच विषय काढला. "आबा, ते बांधाचं म्हणालात, ते बरं झालं. एकदाचा मिटला वाद. उद्या पंडितला पाठवते शेतात, मापं घ्यायला."

आबांनी चपला घातल्या. काठी घेतली. दारातून मागे वळून म्हणाले, "वहिनी, बांध मी पोऱ्याले दिधा. तुमले नही. तो जधळ येई, तधळ मोजी देसू."

आणि गेले!

असो. यंदा ढिगल्या किती घालायच्या, ते अजून ठरलेलं नाही. सुगंधाबाईचा परवाच फोन आला होता. त्या स्टेशनच्या मास्तरलाही पुढेमागे कोणी नाही, म्हणाली. मी मयुरीला बजावून ठेवलं आहे, नवीन मालिका लावायची ती कानबाई उठल्यावरच. कवड्यांचाही उलगडा झाला, मन निवांत आहे.

भाताचं मात्र मी अजून कोणाला विचारलेलं नाही.